धडपड कुणाच्या हातात

शिकार करणाऱ्या माणसांमध्ये, देश कुठलाही असो, एक नियम थोड्याफार फरकाने सापडतो: जे जनावर तुम्हाला रानातून बाहेर काढता येणार नाही, ते मारू नये. नियम शहाणपणाचा आहे. हरीण पडलं की काम संपत नाही, खरं काम तिथून सुरू होतं. गोळी लागूनही ते पळालं असेल तर रक्ताचा माग काढत जायचं. सापडलं की लगेच पोट उघडून कोथळा बाहेर काढायचा, कारण शरीराची ऊब आत कोंडली की मटण नासायला वेळ लागत नाही. काढताना आतडं किंवा मूत्राशय फुटू द्यायचं नाही. मग ६०-७० किलोचं धूड झाडीतून ओढत गाडीपर्यंत आणायचं, मागच्या पायांच्या शिरांत आकडा अडकवून उलटं टांगायचं, कातडं सोलायचं, सांधे सोडवायचे. बंदुकीचा चाप ओढायला एक बोट पुरतं. बाकी सगळ्याला पाठ, खांदे, गुडघे आणि दोन धड हात लागतात.

आता हाच नियम चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला लावून बघा. अमेरिकेत अनेक राज्यांत अपंग शिकाऱ्यांसाठी वेगळे परवाने असतात. थांबलेल्या गाडीत बसून गोळी झाडायची मुभा मिळते, जी इतरांना नसते. मानेखाली हालचाल नसलेल्यांसाठी नळीत फुंकून किंवा श्वास ओढून चाप चालवणारी उपकरणं आहेत. जखमी जनावराचा माग काढायला आणि ते ओढून आणायला सोबती असतो. म्हणजे नेम एकाचा आणि ओढणं, फाडणं, सोलणं दुसऱ्याचं. मग ती शिकार कुणाची? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, ज्याला पुढचं काहीच स्वतः करता येणार नाही, त्याला मारायचा नैतिक अधिकार आहे का?

आपल्याकडे हा प्रश्न बिनकामाचा वाटू शकतो, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ने शिकारीचा विषय जवळपास संपवला. पण त्याच कायद्यातली शिकारीची व्याख्या एकदा नीट वाचण्यासारखी आहे. मारणं म्हणजे शिकार हे झालंच. शिवाय पकडणं, फास लावणं, हाकणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या दृष्टीने शिकारच. चाप ओढणारं बोट आणि डबा बडवत रान उठवणारा हाकारा, दोघेही एकाच शब्दात येतात. शिकार ही एका हाताची गोष्ट नसते, हे कायदा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मला हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नाही. मी माणला राहतो. मुळशी तालुक्यातलं हे गाव आता बहुतेकांना ‘हिंजवडी फेज थ्री’ म्हणून माहीत आहे. गावाच्या जमिनीवर काचेच्या इमारती आहेत, मेट्रोचा डेपो आहे, आणि या सगळ्याच्या मध्ये अजून गावपण शिल्लक आहे. मी त्यातल्याच एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअर लिहितो. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये कामाला होते.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. साधं आणि हुशार डिझाइन आहे. अण्णांच्या मशीनवर नग वाढावेत म्हणून एक बटण कायमचं दाबून अडकवलेलं होतं. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अशा इजांचा तक्ता होता. एका हाताची चार बोटं गेली तर कमाईची क्षमता ५० टक्के कमी झाली असं तो धरायचा. नुसता अंगठा गेला तर ३० टक्के. अण्णांच्या अर्ध्या कमाईचा हिशेब त्या तक्त्यात बसला. त्यात न बसणारी एक गोष्ट जत्रेच्या दिवशी समोर आली.

आमच्याकडे जत्रेला बोकड पडतो. गळ्यावर सुरी फिरवायला मुलाणी येतो. ही जुनी रीत आहे. गावगाड्यात मुलाणी बलुतेदार असायचा, जनावर कापणं हे त्याचं काम आणि त्याबद्दल त्याला वाटा. पुढचं सगळं अण्णांचं. जनावराचे पाय धरायचे अण्णांनी, आंब्याच्या फांदीला टांगायचं अण्णांनी, कातडं कुठेही न कापता मोज्यासारखं उतरवायचं अण्णांनी. वजडी, कलेजी, मुंडी, पाये वेगळे करायचे आणि वाटे घालायचे. हाडावर घाव न घालता सांध्यात टोक घालून पाय सोडवायची त्यांची हातोटी बघायला आम्ही पोरं कडेला बसायचो.

बोटं गेल्यानंतरच्या पहिल्या जत्रेला घरच्यांनी अण्णांसाठी खुर्ची टाकली. “तुम्ही बसा निवांत, आम्ही बघतो.” पहिलं ताट मानाने त्यांच्यापुढे आलं. अण्णांनी ताट बाजूला केलं आणि भाकरी-पिठलं मागितलं. तेव्हापासून ते मटण खात नाहीत. माळ घातली नाही, कुणा महाराजांच्या नादी लागले नाहीत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “आरं, ज्याचे पाय धरता येत न्हाईत, त्याचं मटण कुठल्या तोंडानं खाऊ?”

हा शिकाऱ्यांचाच नियम आहे, फक्त माणच्या बोलीत.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे वाद घालायची सवय आहे. पहिला मुद्दा मांडला, “अण्णा, गळ्यावरची सुरी तर तुमची कधीच नव्हती. ती मुलाण्याची. मग आधी तरी तुम्ही कुठं सगळं स्वतः करत होतात?” अण्णा म्हणाले, “सुरी त्याची. पण धडपड माझ्या हातात यायची. शेवटाला पाय ढिले पडतात ना, ते मला कळायचं. खाणाऱ्यांपैकी एकाला तरी ते कळाया हवं.”

या उत्तरापुढे मी बराच काळ अडलो. कारण यात हौस नाही, मर्दुमकी नाही. यात एक मागणी आहे: खाणाऱ्याने मरणाच्या जवळ उभं राहावं.

आपल्या परंपरेत याच्या बरोबर उलट मागणीही आहे. बौद्ध भिक्षूंना मांस चालतं, पण तीन अटींवर. आपल्यासाठी जनावर मारताना पाहिलेलं नसावं, तसं ऐकलेलं नसावं आणि तशी शंकाही नसावी. भिक्षूने जितकं लांब राहावं तितकं शुद्ध. शिकाऱ्याने जितकं जवळ राहावं तितकं शुद्ध. एक नियम भिक्षा मागणाऱ्याचा आहे, ज्याने ‘माझ्यासाठी मारा’ अशी मागणी निर्माणच होऊ देऊ नये. दुसरा नियम मागणी करणाऱ्याचा आहे, ज्याने ती मागणी काय असते ते भोगावं. आपण बहुतेक जण मात्र मागणी शिकाऱ्यासारखी करतो आणि अंतर भिक्षूसारखं ठेवतो. चौकातल्या दुकानासमोर गाडी चालू ठेवून “अर्धा किलो, बारीक पीस” म्हणतो आणि काळी पिशवी हँडलला अडकवतो.

अण्णांच्या नियमाशी माझं भांडण दुसऱ्या जागी आहे. त्यांचा नियम असं गृहीत धरतो की, धडधाकट माणूस जे करतो ते एकटा करतो आणि अपंग माणसालाच मदत लागते. हे कधीच खरं नव्हतं.

माझे आजोबा मुळशीच्या डोंगरातल्या पारधीच्या गोष्टी सांगायचे, कायद्याच्या आधीच्या काळातल्या. ठासणीची बंदूक एक-दोघांकडेच. बाकीचे हाकारे. डुक्कर किंवा भेकर पडलं की काठीला बांधून चौघे आणायचे आणि पानांवर वाटे पडायचे. ज्याचा बार लागला त्याला मानाचा जास्तीचा वाटा, बाकी सगळ्यांना सारखे. आजोबांच्या गोष्टीत पायाने अधू असलेला एक म्हातारा यायचा. तो खिंडीच्या तोंडाशी बसून नुसता ओरडायचा, म्हणजे जनावर तिकडे वळू नये. त्याला पूर्ण वाटा मिळायचा. त्याने किती किलो ओढलं हे कुणी विचारल्याचं आजोबांनी कधी सांगितलं नाही.

शिकारकथांतला सगळ्यात एकांडा वाटणारा माणूस घ्या, जिम कॉर्बेट. १९०७ साली त्याने कुमाऊंमधली चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी लावले जातात. नाव कॉर्बेटचं झालं. पण त्या दिवशी तहसीलदाराने गोळा केलेले सुमारे ३०० गावकरी डोंगरावरून आरडाओरडा करत, ढोल आणि डबे बडवत हाका करत होते. कॉर्बेटकडे फक्त तीन काडतुसं होती. ती संपल्यावर तो धावत गेला आणि शेवटची गोळी तहसीलदाराच्या बंदुकीतून झाडली. म्हणजे रान उठवणारे हात ३०० माणसांचे, शेवटची बंदूक दुसऱ्याची, आणि तरीही ती शिकार कॉर्बेटची का, असा प्रश्न कुणी विचारत नाही. पूर्ण शरीराच्या माणसाने घेतलेली मदत दिसत नाही. खुर्चीतल्या माणसाने घेतली की तेवढीच दिसते.

त्याच वाघिणीची आणखी एक गोष्ट. तिचे उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. नेहमीचं भक्ष्य मारता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटचं म्हणणं. म्हणजे आधी कुणीतरी एक बार काढला होता आणि जखमी जनावराच्या मागे शेवटपर्यंत गेला नव्हता. आपल्या कायद्याच्या कलम ११मध्ये वन्यप्राण्याला मारायची परवानगी कधी देता येते ते सांगितलं आहे: तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल तर, किंवा बरा होण्यापलीकडे विकल वा रोगग्रस्त झाला असेल तर. हे कलम मी अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “आपल्याला नुसती खुर्ची दिली, बरं झालं म्हणायचं.” विनोद सोडला तरी मुद्दा उरतो. जनावराचं अंग निकामी झालं की आपण त्याचा शेवट ठरवतो. माणसाचं झालं की टक्के ठरवतो आणि एक जागा ठरवून देतो. दोन्हीकडे ठरवणारे दुसरेच असतात.

तर मदत घेतल्याने कृती परकी होत नाही, असं मी म्हणतो. पण इथे थांबलो तर फार सोपं होईल. कारण ‘दुसऱ्याच्या हाताने’ हेच शब्द जगातल्या सगळ्यात सोयीस्कर पळवाटेचंही नाव आहेत.

डिसेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारने बिहारच्या काही भागांत नीलगाय वर्षभरासाठी उपद्रवी प्राणी म्हणून जाहीर केली. जून २०१६मध्ये मोकामा भागात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त नीलगाई मारल्या. ज्यांची पिकं जात होती ते शेतकरी मारायला तयार नव्हते; नावात ‘गाय’ आहे. दिल्लीत तर एकाच मंत्रिमंडळातल्या मेनका गांधींनी प्रकाश जावडेकरांच्या खात्यावर जाहीर टीका केली आणि जावडेकर म्हणाले की, परवानगी राज्याने मागितली म्हणून दिली. पुढे २०१९मध्ये बिहारच्याच वैशाली जिल्ह्यातला एक व्हिडिओ फिरला. जखमी नीलगायीला जेसीबीने खड्ड्यात ढकलून जिवंतपणी माती लोटत होते. पाहिलेल्यांना तो विसरता येत नाही. त्या जेसीबीला कुठलंही अपंगत्व नव्हतं. कितीही वजन उचलेल असा तो लोखंडी हात होता. जनावर ‘उचलता येणं’ हीच कसोटी असती, तर तो उत्तम शिकारी ठरला असता.

म्हणजे हात असणं पुरेसं नाही, आणि हात नसणं हा दोष नाही. मग फरक कशात आहे?

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाबद्दल एक यादी आहे. अनुमती देणारा, तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, या सगळ्यांना ती घातक म्हणते. त्या ग्रंथातलं बरंचसं मला मान्य नाही, पण ही यादी एखाद्या चांगल्या ऑडिटसारखी आहे. जैन विचारात हेच तीन शब्दांत येतं: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, करवून घेतलेलं आणि संमती दिलेलं. कर्म तिघांनाही लागतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ऑफिस आठवलं. आमच्याकडे कोडचा प्रत्येक बदल तसाच नोंदवलेला असतो. कुणी लिहिला, कुणी लिहायला सांगितला, कुणी मंजूर केला. रात्री दोन वाजता काही कोसळलं तर तिन्ही नावं समोर असतात. म्हणून तर मंजुरी देताना माणूस दोनदा वाचतो.

मला वाटतं कसोटी इथे आहे. मदतीमुळे नावं वाढतात की पुसली जातात? खुर्चीतला शिकारी आणि त्याचा सोबती यांच्यात नावं वाढतात. एका मरणाला दोन माणसं उत्तर द्यायला उभी असतात. पारधीत तीस असतात. मोकाम्यात मात्र नावं पुसली गेली. शेतकरी सरकारकडे बोट दाखवतो, राज्य केंद्राकडे, केंद्र राज्याकडे, नेमबाज परवान्याकडे. काळ्या पिशवीवर तर कुणाचंच नाव नसतं.

ही कसोटी लावली की शिकाऱ्यांचा मूळ नियमही बदलतो. ‘जे स्वतः ओढून आणता येणार नाही ते मारू नये’ याऐवजी ‘जे ओढून आणायची सोय आधी केलेली नाही ते मारू नये’. आणि इथे अपंग शिकारी धडधाकटापेक्षा जास्त जबाबदार ठरतो. त्याला आधीच ठरवावं लागतं: माग कोण काढणार, जखमी झालं तर दुसरी गोळी कोण घालणार, अंधार पडला तर काय, पोट किती वेळात उघडलं जाईल. शरीराच्या भरवशावर ‘बघू तेव्हा’ म्हणायची चैन त्याला नाही. तीन काडतुसं घेऊन निघायची चैन कॉर्बेटला होती.

माझ्यातल्या इंजिनिअरनेही सोय करून पाहिली. चाकणला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असलेल्या मित्राकडून लोखंडी तिपाई बनवून घेतली, वर अर्ध्या टनाचा चेन ब्लॉक. जनावर साखळीने वर-खाली करता येतं, आंब्याच्या फांदीची गरज नाही. अण्णांच्या उजव्या मनगटाला पट्ट्याने बांधायचा एक आकडा केला, म्हणजे कातडं ताणून धरता येईल आणि सुरा डाव्या हातात राहील. अण्णांनी तो बांधून बघितला, पट्टा दोन बोटं सैल करायला सांगितला आणि गेल्या जत्रेला अर्धं कातडं स्वतः उतरवलं. उरलेलं माझ्या चुलत बहिणीने, त्यांच्या सांगण्याबरहुकूम. “हाडाशी भांडू नको. सांधा हलवून बघ, तो सांगतो कुठं उघडायचं.” तिला सांधा सापडला. तो सांधा तिने सोडवला की अण्णांनी? माझ्या मते दोघांनी, आणि दोघांनी पूर्णपणे. हे अर्धं-अर्धं वाटून घ्यायचं काम नाही.

तरीही जेवताना अण्णांनी भाकरी-पिठलंच घेतलं. “मशीन ब्येस हाय,” म्हणाले, “पण धडपड मशीनला कळत न्हाई.”

महाभारताच्या वनपर्वात मिथिलेतल्या एका व्याधाची कथा आहे. तो मांस विकतो, आणि कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म समजून घ्यायला त्याच्या दुकानात येतो. तो व्याध स्वतः जनावर मारत नाही, इतरांनी मारलेलं विकतो, आणि स्वतः मांस खातही नाही. मागच्या जन्मी राजाबरोबर शिकारीला गेला असताना हरीण समजून सोडलेला त्याचा बाण एका ऋषीला लागला, म्हणून हा जन्म. या कथेतलं मला भावतं ते असं की, तो मारत नसूनही आपलं काम घोर आहे हे आधी कबूल करतो, आणि मग नांगराखाली किती जीव मरतात याची आठवण कौशिकाला करून देतो. आपलं नाव यादीतून खोडत नाही आणि कौशिकाचंही खोडू देत नाही.

अण्णांना मला व्याध किंवा संत करायचं नाही. ते साधे, हट्टी गृहस्थ आहेत आणि माझ्या मते त्यांचं कारण चूक आहे. पाय धरण्यावर हक्क बांधला तर हात नसलेला बाहेर पडतो. ‘निदान डोळ्यांनी बघावं’ म्हटलं तर आंधळा बाहेर पडतो. नीतीचा नियम एखाद्या अवयवावर टेकवला की कुणीतरी बाहेर पडतंच. शिवाय तो अवयव शाबूत असलेल्यांना वाटतं की आपण आत आहोत, जे बहुधा खरं नसतं. आमच्या पंगतीत दहा बोटं असलेले चाळीस जण होते. पाय धरायला त्यातले दोघे आले.

पण एखाद्याचं कारण चूक असलं म्हणून त्याचं न खाणं चूक ठरत नाही. अण्णा इतरांना अडवत नाहीत. ते फक्त स्वतःपुरता एक हिशेब जमवतात, जो भरपाईच्या तक्त्यात नव्हता. त्या हिशेबाने माझ्यावर मात्र एक काम पडलं आहे. खाणाऱ्यांपैकी एकाला तरी कळायला हवं, असं ते म्हणतात. मी खातो. माझी दहा बोटं आहेत. येत्या जत्रेला मागचे पाय मी धरणार आहे, आणि ते कधी ढिले पडतात हे अण्णांना सांगणार आहे.